न बसलेली बुधाई

फार वर्षांपूर्वी, पळसपाणीच्या तलावाचा पलीकडचा काठ फक्त उडणाऱ्यांनाच ठाऊक होता, तेव्हाची ही गोष्ट आहे. लहानांनी पुढं बसावं, मोठ्यांनी मागं. ज्यांना एका जागी बसवत नाही त्यांनी उभं राहून ऐकावं, कारण गोष्ट त्यांच्यातल्याच एकीची आहे.

तलावाच्या तीन बाजूंना डोंगर होते आणि चौथ्या बाजूला कोहळी शेतकऱ्यांनी बांधलेली मातीची पाळ, म्हणजे बांध. पाण्यात कमळं होती. काठाला देवधान उगवायचं, जे कुणी पेरत नाही आणि सगळे खातात. पाळीखालच्या धानात सारसांच्या जोड्या हिंडायच्या. हिवाळ्यात उत्तरेकडून इतकी बदकं यायची, की सकाळी ती उडाली म्हणजे तलावच उठून चालल्यासारखा वाटायचा. डोंगरात गोंड राहत, पाळीखाली कोहळी, काठावर मासे धरणारे ढिवर. तिघांच्याही चुली त्या एका पाण्यावर पेटत.

ढिवरांत एक बुधाई होती. तिचा पाय कधी ठरला नाही, असं म्हणतात. रांगायच्या वयात ती चालली आणि चालायच्या वयात पळाली. तिची नणंद सांगायची, "आमच्या वहिनीच्या लग्नात नवरा सात पावलांवर थांबला. ही तशीच पुढं गेली. वेशीवरून आणली बाप्पा."

बुधाईचं काम मासळीचं बीज नेण्याचं. बीज म्हणजे केसाएवढी पिल्लं. पावसाळ्यात ती मडक्यात घालून बुधाई गावोगावच्या लहान तळ्यांत सोडायची. या कामाची एक रीत आहे. मडक्यातलं पाणी सतत हलतं राहायला हवं. पाणी थांबलं की पिल्लं वर येतात, तोंडं उघडतात आणि मरतात. म्हणून बीज नेणारा माणूस वाटेत बसत नाही, आणि मडकं जमिनीला टेकवत नाही. इतरांना ते अवघड जायचं. बुधाईला नाही.

मग पाऊस चुकला. पुढच्या वर्षीही चुकला. कमळं वाळली, सारस निघून गेले. एवढ्या मोठ्या तलावाचा, मधल्या खडकाखाली, एक डोह उरला. तिन्ही वस्त्यांत चूल पेटेना. तेव्हा ढिवरांचा मुखिया पुनाजी म्हणाला, "उद्या सगळ्यांनी डोहात उतरायचं. लहान-मोठं, हाती लागेल ते धरायचं."

"धरा जी," बुधाई म्हणाली. "मी पण धरते, मी पण उपाशीच आहो. पण बीज ठेवा. नाही तर उद्या तलाव भरेल आणि आत काहीच नसेल."

"कशात ठेवू? विहिरीतही बादली कोरड्या तळाला आपटते."

"माझ्या डोक्यावर."

लोक हसले. पुनाजी म्हणाला, "किती दिवस वो?"

"पाणी येतपर्यंत."

"आणि बसशील कधी?"

"तुम्ही बसा ना जी. तुम्हाला चांगलं जमते."

दुसऱ्या दिवशी डोह उपसला गेला. बुधाईनं प्रत्येक जातीचं थोडं थोडं बीज मडक्यात घेतलं. मरळ तेवढी घेतली नाही. मरळ चिखलात दडून तग धरते, तिला कुणाच्या डोक्याची गरज नाही. मग तिनं मडकं उचललं आणि ती निघाली.

ती चालताना खायची. झोपायची तीही चालताना. डोळे मिटायचे आणि पाय आपली वाट धरायचे, असं म्हणतात. मडक्यातलं पाणी उन्हानं आटायचं, म्हणून ती दारोदार ओंजळभर पाणी मागायची. एका दारात एक बाई म्हणाली, "माझ्या लेकराला घोट नाही आणि तुझ्या मासळीला देऊ?" बुधाईनं मडकं सावरलं. ती पुढं गेली. गावाबाहेर ती बाई मागून धावत आली. तिच्या वाट्याचा घोट तिनं तोंडात धरला होता. तो तिनं मडक्यात सोडला आणि ती घराकडं वळली. तिचं नाव कुणाला ठाऊक नाही. मला वाटतं, या तलावाच्या पाण्यात आजही तो घोट आहे.

शेवटी बुधाईच्या पायात बोराटीचा काटा मोडला आणि पाय सुजून मांडीएवढा झाला. ती कशीबशी पळसपाणीला परतली, पाळीवर आली आणि उभी राहिली. फक्त उभी राहिली. मडक्यातली पिल्लं वर येऊन तोंडं उघडू लागली. पाळीवर माणसं होती, पण जागचं कुणी हललं नाही. जिनं कधी थांबायचं नाही ती थांबली, हे बघूनच ती सगळी थिजली होती.

पहिला पुनाजी उठला. त्यानं मडकं तिच्या डोक्यावरून आपल्या डोक्यावर घेतलं आणि चालू लागला. तो थकला तसं एका गोंड म्हाताऱ्यानं घेतलं. मग पाळी आली कोहळ्यांच्या पाटलीणबाईंची. "ढिवराचं मडकं मी डोक्यावर घेऊ?" त्या म्हणाल्या. म्हाताऱ्यानं मडकं तिरकं करून त्यांना आत दाखवलं. पाटलीणबाईंनी पदराची चुंबळ केली आणि मडकं घेतलं.

"आता तरी बस वो माय," लोक बुधाईला म्हणाले. ती बसायला वाकली, आणि तिकडं मडक्यातली सगळी पिल्लं एकदम वर आली, असं म्हणतात. मग ती बसली नाही. सुजल्या पायानं ती कोरड्या तलावात उतरली आणि भेगाळलेल्या मातीवर गोल गोल फिरू लागली. मडकं तिच्या मागून या डोक्यावरून त्या डोक्यावर फिरत राहिलं. फिरता फिरता तिची पावलं ओली उमटू लागली. आधी टाचेएवढं पाणी, मग घोट्याएवढं. त्यानंतर डोंगरातले नाले गरजत खाली आले.

कमरेएवढ्या पाण्यात बुधाईनं मडकं मागून घेतलं आणि पालथं केलं. काठावरून हाका आल्या, "आता ये, पाणी वाढते." ती म्हणाली, "येते. एक फेरी मारून येते." ती खोल पाण्याकडं चालत गेली. ती बुडाली असं पळसपाणीत कुणी म्हणत नाही. वारा नसताना पाण्यावर लांब रेघ उठते, तेव्हा जुने ढिवर जाळं वर घेतात आणि तिला वाट देतात.

आता तलाव बघायला लांबून माणसं येतात. बदकांचे फोटो काढतात, डोंग्यात बसून पाण्यात हिंडतात, देवधानाची खीर खातात. पण इथं बघण्यासारखं खरं काय असेल, तर ते ज्येष्ठात. त्या महिन्यात सगळी जाळी वळचणीला टांगलेली असतात. डोहातलं बीज एका मडक्यात घेतात आणि ते मडकं तलावाभोवती फिरतं. तिन्ही वस्त्यांतल्या घरांची पाळी असते. पाहुणा वाटेत भेटला तर त्याच्याही डोक्यावर देतात. ज्या घरी मयत झाली असेल त्या घराचीही पाळी चुकत नाही. रडणारं माणूस उठतं, आपला पल्ला चालतं आणि परत येऊन रडतं. नवं पाणी येईपर्यंत मडकं जमिनीला टेकत नाही.

यंदा ज्येष्ठ संपून आषाढ अर्धा झाला आणि नाले अजून कोरडे आहेत. मडकं फिरतंय. ते हातातून हातात जाताना देणारा नाव, गाव, जात काहीच विचारत नाही. तो विचारतो, "हलते ना?"

घेणारा आत बघतो आणि चालू लागल्यावर म्हणतो, "हलते."