वैयक्तिक काही नको

मिरजेतल्या एका परिसंवादात अध्यक्षांनी सुरुवातीलाच बजावलं, “वैयक्तिक टीका कोणी करायची नाही. केली तर घंटा वाजेल.”

प्रमुख वक्ते धैर्यशीलराव तासभर गरजले. “हे सगळे मुसलमान आतून अतिरेक्यांनाच सामील असतात!” टाळ्या पडल्या. घंटा काही वाजली नाही.

मग शाळेत शिकवणाऱ्या जुलेखा बाणदार उठल्या. “माझा भाऊ इद्रिस या अतिरेक्यांविरुद्ध मशिदीत उभा राहून बोलला. त्यांनी त्याला घराच्या दारात भोसकून मारलं.”

अध्यक्षांनी घंटा वाजवली. “बाई, वैयक्तिक काही नको.”

“एका माणसाचं नाव घेतलं की ते वैयक्तिक, आणि अख्ख्या जमातीला नावं ठेवली की तो विचार?” जुलेखाबाईंनी विचारलं.

धैर्यशीलराव समजुतीच्या सुरात म्हणाले, “अहो, तुमच्यासारख्या चांगल्या लोकांबद्दल मी बोलतच नव्हतो.”

“मग कोणाबद्दल? इद्रिसला मारणारे माझ्याच धर्माचे होते. त्या तिघांची नावं मी कोर्टात उभी राहून सांगितली. तुम्ही पाहिलेला, त्यांना सामील असलेला एक तरी मुसलमान सांगा.”

धैर्यशीलराव आठवू लागले. सामील असलेला राहू द्या, ओळखीच्या एकाही मुसलमानाचं नाव त्यांना आठवेना.