चार्जररावांना हवा होता तरतरीत जोडीदार

फार फार पूर्वी, म्हणजे लॅपटॉपच्या आयुष्याच्या मानाने फार पूर्वी, एका टेबलावर एक म्हातारा लॅपटॉप राहायचा. तो चालू होईपर्यंत मालकीण सुनेत्राबाईंचा चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचा. दुरुस्त करावा की नवा घ्यावा, हे त्यांचं काही ठरत नव्हतं.

चार्जररावांचं मात्र ठरलं होतं. "आम्ही दिवसभर भरवायचं आणि या आजोबांनी नुसत्या धापा टाकायच्या! आपल्याला जोडीदार कसा तरतरीत हवा."

"अगदी खरं हो," चेन तुटलेल्या बॅगबाई म्हणाल्या.

"नवी बॅटरी घातली की मी चालेन रे," लॅपटॉप म्हणाला.

"आजोबा, तुम्ही पडा जरा!" असं म्हणत चार्जररावांनी आपली पिन हळूच सैल केली. ऐन कामात स्क्रीन काळी झाली. सुनेत्राबाईंनी कपाळावर हात मारला आणि संध्याकाळी नवा लॅपटॉप आणला.

चार्जरराव ताठ मानेने स्वागताला पुढे झाले. पण नव्याला त्यांच्या पिनेजोगं भोकच नव्हतं. तो आपला चार्जर आणि आपली बॅग घेऊनच आला होता.

भंगाराच्या खोक्यात चार्जरराव पडले, तेव्हा आतून ओळखीची धाप ऐकू आली.

"या, चार्जरराव. मी सरकतो थोडा. बॅगबाई मागून येतायत ना?"