सुटणारी गाठ

फार फार जुनी गोष्ट आहे, बरं का. एका राज्यात नदीकाठी नावाड्यांच्या मुलांची शाळा होती. तिथे पोहणं, वल्हवणं आणि दोराच्या गाठी मारणं शिकवत. त्या वर्षी गाठी शिकवायला एक तरुण बाई नव्याने आली होती. गाठ मारण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. पण स्वतःला येणं वेगळं आणि दुसऱ्याला शिकवणं वेगळं!

शाळेची एक रीत होती. दुपारी सगळे शिक्षक एकत्र जेवायला बसत. पहिला घास घेण्याआधी प्रत्येकाने आज वर्गात आपली काय फजिती झाली ते सांगायचं. बाकीचे आधी पोटभर हसत, मग उपाय सुचवत. बाईची पाळी आली की ती म्हणे, "माझं सगळं ठीक आहे."

ठीक कसलं! तिच्या मुलांची गाठ जरा ओढली की सुटत होती. ती पुन्हा करून दाखवी, "समजलं का?" असं विचारी, मुलं एका सुरात "होऽऽ" म्हणत, आणि गाठ पुन्हा सुटे. परीक्षा आठ दिवसांवर आली. मुलं नापास झाली, तर त्यांना वर्षभर होडीत पाऊल ठेवता येणार नव्हतं आणि बाईला गाशा गुंडाळावा लागणार होता. तरी तिचं तोंड उघडेना. आपलं बिंग फुटेल या धास्तीने ती चार घास खाऊन सर्वांच्या आधी उठे.

एके दिवशी मुलांनी बांधलेली होडी सर्वांदेखत सुटली आणि निघाली प्रवाहाबरोबर! आत शाळेच्या थोरल्या गुरुजींची दुपारची भाकरी होती. पोहणं शिकवणाऱ्या तरुण गुरुजींनी उडी मारून होडी परत आणली, पण तोवर आत पाणी शिरलं होतं.

त्या दुपारी बाईचे डोळे भरून आले. "माझ्या मुलांची गाठ टिकत नाही," ती म्हणाली. "का, ते मला कळत नाही."

थोरले गुरुजी ओली भाकरी पिळत म्हणाले, "पोरी, हे आधी सांगितलं असतंस, तर माझी भाकरी कोरडी राहिली असती ना!"

सगळे हसले. बाईलाही हसू आलं.

"उद्या मी तुमच्या वर्गात पोरांमध्ये बसतो, बाई," पोहण्याचे गुरुजी म्हणाले. "गेल्या वर्षी मी नवा होतो. माझ्या वर्गात असंच कुणी बसलं, म्हणून मी टिकलो."

दुसऱ्या दिवशी ते दोर घेऊन मुलांत मांडी घालून बसले. बाईने दाखवलं तसं केलं. त्यांचीही गाठ सुटली!

"अहो बाई," ते म्हणाले, "तुम्ही आमच्याकडे तोंड करून उभ्या राहता. सांगता उजवं टोक, पण समोरून ते डावीकडे दिसतं. पोरं निम्मी गाठ ऐकून मारतात, निम्मी बघून."

बाईने कपाळावर हात मारला. मग ती मुलांकडे पाठ करून बसली आणि मुलं तिच्या खांद्यावरून तिचे हात बघू लागली. परीक्षेच्या दिवशी प्रवाहाने दिवसभर हिसके दिले, पण एकही होडी जागची हलली नाही. मुलं होडीवर गेली आणि बाई शाळेत राहिली.

दुसऱ्याच सकाळी ती पोहण्याच्या वर्गातल्या मुलांच्या रांगेत पाण्यात जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने ओरडली, "गुरुजी, तुमचं कंबरभर पाणी पोरांच्या नाकाला लागतंय! ती शिकतील कशी?" उंचेपुरे गुरुजी खजील होऊन हसले आणि सगळा वर्ग घेऊन काठाकडे सरकले. त्या वर्षी पाण्याला सर्वांत जास्त भिणारी मुलगीसुद्धा पोहायला शिकली.

तात्पर्य: वर्गात झालेली फजिती जो सोबत्यांना मोकळेपणाने सांगतो, तोच लवकर चांगला शिक्षक होतो.