छप्पर कुणी धरलं?

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, देवाशपथ. छप्पर पडलं तेवढं तर नक्कीच खरं. बाकीचं देवालाच विचारा, मला साक्षीला बोलावू नका.

फार फार वर्षांपूर्वी डोंगराच्या अल्याड एक गाव होतं, पल्याड एक. पल्याडच्या गावात पोरांना शिकवत, "चांगलं काम करावं, आणि कुणी विचारलं तर नाही म्हणावं. 'मी केलं' म्हणतो तो निर्लज्ज." अल्याडच्या गावात शिकवत, "झालं तेच बोलावं. खोटं बोलेल त्यानं गाव सोडावं."

पल्याडच्या तानुलीचे आईबाप वारले, तशी ती अल्याडच्या मामाकडे राहायला आली. तिला दुसरं कुणीच नव्हतं.

एक दिवस चावडीत सगळं गाव जमलेलं असताना मधला खांब कडकन मोडला. तुळई खाली यायला लागली. तानुली हंड्यावर हंडा वाहणारी पोर. ती पटकन खाली शिरली आणि तिनं तुळई डोक्यावर घेतली.

खरं तर लोकांनी बाहेर पळायचं. पण आधी चौकशी, मग पळापळ, अशी त्या गावची शिस्त.

पाटलांनी विचारलं, "छप्पर कुणी धरलं?"

"मी नाही," तानुली म्हणाली.

"मग डोक्यावर काय आहे तुझ्या?"

"कुठं काय. सहज उभी आहे."

"केवढी खोटारडी," गावची पोरं कुजबुजली.

मामा तिच्या कानाशी लागला. "पोरी, हो म्हण. नाहीतर हाकलतील तुला."

"एवढ्या लोकांत? मामा, मला लाज नाही का वाटणार?" तिनं डोक्यावरची तुळई सावरली. हाकललं तर जायचं कुठं, हे तिला ठाऊक नव्हतं. पण 'मी' काही केल्या तोंडातून निघेना.

पाटलांनी निकाल दिला. "आत्ताच्या आत्ता गाव सोड."

तानुली मोठ्यांचं ऐकणारी. तिनं तुळईखालून डोकं काढलं, सगळ्यांना नमस्कार केला आणि निघाली.

छप्पर पाटलांवर, पंचांवर, सगळ्या गावावर आलं.

तशी ती धावत परतली. कौलं उपसून एकेकाला बाहेर ओढलं. शेवटी पाटील निघाले, मिशीत जळमटं घेऊन.

"मला कुणी काढलं?"

"तुमचे तुम्हीच आलात की."

पाटलांनी तिचे सोललेले हात पाहिले. आयुष्यात पहिल्यांदाच ते अडखळले. "हो. माझा मीच आलो."

गाव गार पडलं. चक्क पाटील खोटं बोलले होते.

"कुणी काही ऐकलं का?" पाटलांनी विचारलं.

"नाही," अख्खं गाव म्हणालं.

आता नियमानं सगळ्यांनाच गाव सोडावं लागणार. त्यापेक्षा त्यांनी नियमालाच वेशीबाहेर काढलं, आणि तानुली मामाकडेच राहिली.

तात्पर्य: पोराला खोटारडं म्हणण्याआधी त्याला घरी काय शिकवलंय ते विचारावं.

झाली गोष्ट. फुकटात ऐकायची पद्धत आमच्याकडे नाही. काढा मूठभर शेंगा.