जिनिंगमधली हडळ

मंडळी, मला एक सांगा. एक माणूस देवाची शपथ घेऊन बोलतो, दुसरा वहीत लिहून देतो, तिसरा नुसता घाबरून गप्प बसतो. विश्वास कुणावर ठेवाल? घाई करू नका. कापडाच्या धंद्यात एक गोष्ट मी पाहिली आहे. गिऱ्हाईक तोंडाने ‘झकास’ म्हणत असतं, आणि त्याची बोटं ताग्यावरून केव्हाच निघून गेलेली असतात.

आमच्या पेठेत अनसामावशी नावाची एक वृद्धा होती. गरजू बायकांसाठी ती कापडी पॅड शिवून देई. आत मऊ फ्लॅनेलच्या चार घड्या, खाली पाणी न झिरपणारं अस्तर, दोन्ही बाजूंना पंख आणि पंखांना टिचबटण. धुवावं, वाळवावं, पुन्हा वापरावं. तिची शिष्या रेवती. तिच्या हाताची दुहेरी टीप इतकी बारीक, की बोट फिरवलं तरच कळावी.

पॅड वाटायचं काम रेवतीचं. तिच्या नोंदवहीत तीन रकाने होते: नाव, किती दिले, आणि उन्हात वाळवते का? हा तिसरा रकाना मावशीने मुद्दाम आखून घेतला होता, कारण कडक ऊन न लागलेलं कापड अंगाला बाधतं. वडाच्या पाराजवळच्या एका वस्तीत रेवतीने एकेचाळीस घरी पॅड दिले. तीन महिन्यांनी फेरी मारली, तर एकेचाळीस ‘होय’ मिळाले. मोठ्या हौसेने तिने वही मावशीपुढे ठेवली.

मावशीने वही मिटली. “एवढ्या होकारात एकही ‘नाही’ कसा गं नाही?”

“चांगलंच झालं की, मावशी.”

“बघू,” एवढंच मावशी म्हणाली.

त्याच आठवड्यात निरोप आला. वस्तीतल्या गयाबाईची नवी सून छबू चार दिवस तापाने फणफणली होती, ओटीपोटात कळा येत होत्या. सासू म्हणत होती, पोरीला हडळ लागली. उद्या देवऋषी येणार, मिरच्यांची धुरी देणार. ही हडळ राहते कुठे, तर वस्तीमागच्या बंद पडलेल्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या जुन्या कारखान्यात. भर दुपारी बाराला तिथे कुजबुज ऐकू येते आणि पांढरं काहीतरी हलतं, म्हणे. दिवस चालू असलेली बाई दिसली, की हडळ तिला धरते.

“मग बारालाच जाऊ,” मावशी म्हणाली.

रेवतीचेही दिवस चालू होते. पण गुरूपुढे बोलणार कशी? पिशवी पोटाशी धरून ती मागोमाग निघाली.

बाहेर ऊन नुसतं पांढरंफटक. सावली पायाखाली गोळा झालेली. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. जिनिंगचा पत्र्याचा दरवाजा एक वीत उघडा होता. दोघी अंग तिरकं करून आत शिरल्या. आतला गारवा अंगावर काटा आणणारा. जुन्या सरकीचा कुबट वास आणि त्याखाली आणखी कसला तरी, ओला, जिवंत वास. कुठेतरी थेंब पडत होता. डोळे अंधाराला सरावले तेव्हा रेवतीला दिसलं, की वरच्या लोखंडी दांड्यांना वटवाघळं लटकली आहेत. रांगाच रांगा. पंख पसरलेली, आणि प्रत्येक पंखाच्या टोकाला एकेक बारीक डोळा लुकलुकणारा.

वारा नव्हता. तरी ती हलत होती.

“माघारी फिर, पोरी,” अंधारातून आवाज आला. घोगरा, ना पुरुषाचा ना बाईचा. “दिवस चालू हायेत तुझे. माघारी फिर.”

मागे सरताना रेवतीचा हात एका पंखाला लागला. थंड. ओला. आणि त्या ओल्या कडेवर तिच्या बोटांना लागली एक दुहेरी टीप. स्वतःच्या हातची.

“गयाबाई,” आवाज ओळखून मावशी शांतपणे म्हणाली, “दोरीने दांड्या हलवणं थांबव. हात दुखतील.”

यंत्राच्या मागून छबूची सासू बाहेर आली. हातात दोरी, तोंडावर पदर.

“हिचे दिवस तुला कसे कळले गं?”

“पिशवी अशी पोटाशी धरून चालतीया. बायामाणसाला न कळायला काय झालं?”

“आणि हडळ?”

“म्याच उठवली,” गयाबाई खाली बसली. “वडाचा पार आमच्या दारात, तिथं दिवसभर गडी बसलेले. ही कापडं वाळवायची कुठं? मग म्हणलं, हडळ सोडावी. गडी फिरकणार न्हाईत, बाया निवांत वाळवतील. तीन महिने झकास चाललं. आज तुमास्नी दिसू नये म्हणून दोरी ओढली.” तिचा आवाज बारीक झाला. “पर मावशे, आता ती खरी झाली. म्याच सोडली न् माझ्याच घरात शिरली.”

रेवतीला वाटलं, मावशी हसेल, नाहीतर रागावेल. मावशीने भलतंच केलं. तिने नोंदवही रेवतीपुढे धरली. “बेचाळिसावं नाव लिही. रेवती. पुढचा रकाना तूच भर.”

रेवतीच्या पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, सकाळी धुतलेले दोन पॅड ओलेच होते. घरी ते परकराखाली, न्हाणीच्या मागे वाळत. तिने लिहिलं: नाही.

तेव्हा मावशी बोलली. “पोरी, यांनी तुला फसवलं नाही. तू ‘होय’ ऐकायला गेलीस, त्यांनी ‘होय’ दिलं. तुझी दोरी न्हाणीमागं, त्यांची जिनिंगात. जिला ऊन दाखवायची आपल्यालाच लाज वाटते, ती वस्तू आपण दुसरीला उन्हात घालायला सांगतो. त्या मधल्या अंधारात जे वाढतं, त्याला ही हडळ म्हणते, डॉक्टर आणखी काही म्हणेल. सून मात्र दोघांच्याही लेखी तापलेलीच आहे.”

रेवतीने पिशवी उचलली. जिनिंगमधून बाहेर पडली, गयाबाईच्या अंगणातल्या दोरीपाशी गेली, आणि पारावरच्या सगळ्या पुरुषांदेखत तिने आपले दोन पॅड उन्हात टाकले. गळ्यापर्यंत लाल झाली होती, पण हात मागे घेतला नाही.

पारावरून एक म्हातारा खाकरला. “काय गं हे, गये?”

गयाबाईने एकदा रेवतीकडे पाहिलं, एकदा घरात कण्हणाऱ्या सुनेकडे. तोंडावरचा पदर तिने कमरेला खोचला.

“बायकांच्या दिवसांचं कापड हाय, आबा. बघायचं आसंल तर बघा, पर आधी तुमच्या नातवाला उठवा न् रिक्षा काढायला सांगा. सुनंला दवाखान्यात न्यायचीय.”

म्हाताऱ्याने मान खाली घातली आणि नातवाला हाक मारली.

देवऋषी दुसऱ्या दिवशी आला आणि रिकाम्या ओसरीवरून परत गेला. छबूला औषधं लागू पडली. आठव्या दिवशी ती घरी आली. जिनिंगमधल्या दांड्या हळूहळू मोकळ्या झाल्या, सगळ्या नव्हे. दुपारी बाराला तिथे अजूनही काही हलतं, असं काही बाया सांगतात. रेवती त्यांना खोटं पाडत नाही. ती वही घेऊन आत जाते, मोजते, आणि जेवढे पॅड हलताना दिसले तेवढे ‘नाही’ लिहून बाहेर येते.

तुम्हीही कुणाच्या भल्याचं काही काम करत असाल, तर एवढी विनंती ऐका. हिशेब खरा ठेवा. डोळ्यांनी पाहिलं नाही त्यापुढे ‘होय’ लिहू नका. आणि पहिल्या ओळीत आपलं नाव घाला.