मेणाचं हरिण

"बाबाजी, याला मातीत घालायलाच पाहिजे काय?"

डोमाजी ओतारी चिलीम साफ करत बसले होते.

परसरामने ओलं फडकं अलगद उचललं. पाटावर वीतभर उंचीचं मेणाचं हरिण उभं होतं. शिंगांना पाच फाटे, फाट्याफाट्यावर एकेक वाटी. दिवाळीला दारात ठेवावं, पाच वाट्यांत पाच मेणबत्त्या लावाव्यात, असा घाट.

वैनगंगेकाठच्या या ओताऱ्यांची रीत ठाऊक नसेल त्याला सांगायला हवं. मातीच्या गोळ्यावर आधी मेणाच्या धाग्यांनी अख्खी वस्तू घडवायची. वरून मातीचा लेप देऊन ती भट्टीत घालायची. मेण वाहून जातं, त्याच्या जागेत पितळ ओततात. पितळ नीट धावलं तर वस्तू मिळते. मध्येच अडलं तर मेणही गेलं आणि पितळही.

बारा वर्षं हाताखाली काढल्यावर डोमाजींनी परसरामला शब्द दिला होता. पाच फाट्यांचं हरिण ज्या दिवशी अखंड उतरवशील, त्या दिवसापासून भट्टी तुझी.

आणि हा गडी आठ दिवस हरिण फडक्याखाली झाकून बसला होता. आज ऊन फार, उद्या माती कच्ची. आता नवीनच काढलं होतं. सोमवारी नागपूरचे शेठ येतायत, त्यांना मेणच दाखवू. नाव तर होऊ दे, ओतायचं मागाहून बघू.

"काहून?" डोमाजींनी विचारलं.

"शिंगाचं टोक सुतासारखं आहे. पितळ तिथवर पोचलं नाही तर? एकतीस दिवस बसलोय मी याच्यापाशी."

डोमाजी उठले. हरणाभोवती एक चक्कर मारली. खाली वाकून कान पाहिले, पापणी पाहिली.

"चांगलं झालंय."

परसरामला ऐकलेलं खरं वाटेना. बारा वर्षांत हा शब्द त्या तोंडून कधी निघाला नव्हता.

"मेणबत्ती कुठं लागंल?" डोमाजींनी विचारलं.

"इथं, बाबाजी. या वाटीत."

डोमाजींनी धोतराच्या काठाचा धागा ओढला, मांडीवर वळला. कोरायची सळई तापवून वाटीत खुपसली आणि भोकात धागा बसवला. परसराम हसला. म्हाताऱ्याला आज थट्टा सुचलीय, असं त्याला वाटलं.

चिमट्यात निखारा धरून डोमाजींनी तो धाग्याला लावला.

दुपारच्या उन्हात ज्योत दिसतच नव्हती. दिसत होतं ते शिंग. ते वाकलं. मग गळालं.

परसरामचं हसू तसंच तोंडावर राहिलं. पुढं झेपावला, तर मनगट डोमाजींच्या मुठीत. सत्तरीच्या माणसाचा हात, पण उकळत्या पितळेची मूस पेललेला.

"बाबाजी... एकतीस दिवस..."

मूठ सुटली नाही.

दुसरं शिंग गेलं. कान गेले. पापणी डोळ्यावर उतरली आणि डोळ्यासकट वाहून गेली. आतला मातीचा गोळा उघडा पडला, काळा, बिनतोंडाचा. पाटावर मेणाचं थारोळं आणि मेणात मिसळलेल्या राळेचा वास, बस.

तेव्हा कुठं डोमाजींनी फुंकर मारली.

परसराम मटकन खाली बसला. शिवी द्यावी की पाया पडावं, त्याला कळेना. डोळ्यांना धार लागली होती. म्हणाला, बाबाजी, तुम्ही माझी भट्टी जाळली.

डोमाजींनी थारोळं जरा घट्ट होऊ दिलं, खरवडून गोळा केलं, तळहातावर मळलं आणि ते मेण परसरामच्या हातात दिलं. अजून गरम होतं...

बराच वेळ गेला. परसराम रडत होता. रडता रडता त्याचं लक्ष खाली गेलं आणि तो दचकला. अंगठ्यानं मेण कधीच चपटं केलं होतं. चिमटीतून धागा निघत होता, सुतासारखा, न तुटता. बोटाच्या टोकाशी एक कान उभा राहिला होता.

त्यानं घाबरून वर पाहिलं.

डोमाजींनी रिकामी टोपली काखेला मारली होती. आजवर ज्याला परश्याखेरीज दुसरी हाक मारली नव्हती, त्याच्यापुढं ते अदबीनं उभे होते.

"कोळसा किती आणू, मिस्तरी?"