टिचकूच्या दारावर होडी

खाडीच्या काठी चिखलच चिखल. मऊ मऊ, गार गार. त्या चिखलात एक बीळ. बिळात राहायचा टिचकू. टिचकू म्हणजे एवढासा खेकडा, तुझ्या नखाएवढा!

एकदा काय झालं, ओहोटी लागली. पाणी लांब जाऊ लागलं. टिचकू गेला खाऊ शोधायला. परत येतो तर काय? दारावर होडी! बसलीय आपली फतकल मारून. टिचकूला रडूच आलं.

"होडीताई, होडीताई, हट ना!"

"नाखवा ढकलेल तर हटेन. तू दुसरं घर खण की!"

"अं हं! हे मी खणलंय. मला हेच हवं!"

निघाला टिचकू. आडवा आडवा, तुरुतुरु तुरुतुरु.

होडीवाला नाखवा जाळ्यावर लोळत होता.

"नाखवाकाका, उठा ना! होडी हटेना, दार उघडेना!"

"पोटात पेज नाही, अंगात जोर नाही. घरी पारूकाकूला सांग जा."

निघाला टिचकू. आडवा आडवा, तुरुतुरु तुरुतुरु.

"पारूकाकू, पेज शिजवा ना! नाखवा उठेना, होडी हटेना, दार उघडेना!"

"अरे सोन्या, चुलीला जळण नाही. माडाकडून सुकी झावळी आण."

निघाला टिचकू. आडवा आडवा, तुरुतुरु तुरुतुरु.

"माडदादा, झावळी टाक ना! पेज शिजेना, नाखवा उठेना, होडी हटेना, दार उघडेना!"

"वारा हलवेल तर पडेल."

वारा कुठे? सुरूच्या बनात, घोरत! पाय दुखले हो टिचकूचे. पण थांबतोय कसला! आडवा आडवा, तुरुतुरु तुरुतुरु.

"वारेबुवा, सुटा ना! झावळी पडेना, पेज शिजेना, नाखवा उठेना, होडी हटेना, दार उघडेना!"

"समुद्र येईल तर मी येईन."

गेला टिचकू थेट समुद्राकडे. केवढा समुद्र! केवढासा टिचकू!

"समुद्रआजोबा, या ना! वारा सुटेना, झावळी पडेना, पेज शिजेना, नाखवा उठेना, होडी हटेना, दार उघडेना!"

"मी नाही येत जा!"

"नाही येत? बघतोच!"

टिचकूने नांगी उघडली. लाटेला काढला चिमटा. कच्च!

"अगं आई गं! गुदगुल्या! गुदगुल्या!"

समुद्र लागला हसायला. खो खो खो! हसत हसत आला पुढे.

समुद्र आला, वारा सुटला. सूं सूं!
वारा सुटला, झावळी पडली. धप्प!
झावळी पडली, पेज शिजली. रटरट रटरट!
पेज शिजली, नाखवा जेवला. भुर्र भुर्र!
नाखवा उठला, होडी ढकलली. हैय्या हो!
होडी हटली, दार उघडलं!

टिचकू शिरला आत. सुळ्ळकन! चिखलाचा गोळा केला, दाराला लावला. घट्ट!

तेवढ्यात पाणी आलं दाराशी. खळ्ळ खळ्ळ!

"टिचकू, टिचकू, मी आत येऊ?" समुद्राने विचारलं.

"नको हो आजोबा," टिचकू आतून म्हणाला, "माझ्या घरात तुम्ही मावणार नाही!"